उजव्या बरगडीखाली

४ मार्च

तिसरा दिवस, आजही कोणी फिरकलं नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सोनोग्राफीचं यंत्र चादर पांघरून बसलंय आणि त्याच्याशेजारी डॉक्टर हाना, डोक्यावरची टोपी न काढता. मी स्टोव्हमध्ये शेणी सारते, चहा करते, दाराकडे बघते. तीन दिवसांत चहा मात्र भरपूर झाला.

बाई चेक आहे, प्रागची. पन्नाशीची, रशियन माझ्यापेक्षा चांगलं बोलते, मिठाचा चहा तोंड वाकडं न करता पिते. आमच्या या अलाय खोऱ्यात कुत्र्यांच्या पोटातली एक कीड मेंढरांत जाते, माणसांतही जाते, आणि यकृतात नाहीतर फुप्फुसात पाण्याची गाठ धरते. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. फुटली तर माणूस तासाभरातही जाऊ शकतो. या गाठी वेळेत शोधायला ती इतक्या लांबून आली, आणि गावाने ठरवून टाकलंय की यंत्राचा उजेड पोटात शिरला की बाईची कूस सुकते.

"लोक कशाला घाबरतात, अनारकान?" तिने विचारलं.

"थंडीला," मी म्हटलं.

खरं तर मला लाज वाटली. एकोणीस वर्षं मी इथली फेल्डशर आहे, म्हणजे जिथे यायला डॉक्टर तयार होत नाही तिथली डॉक्टर. टाके मी घालते, सुया मी टोचते, बाळंतपणं मी करते. पण पोट दुखलं की माणसं दवाखाना ओलांडून आमच्या घरी जातात. माझ्यासाठी नाही. माझ्या सासूबाईंसाठी.

६ मार्च

हाना परवाच म्हणाली होती, "तुमच्या सासूबाईंना विचारा ना." मी एक दिवस टाळलं. माझ्या दवाखान्याला एनेंची शिफारस लागावी, हे गिळायला जड गेलं. (एने म्हणजे सासू. त्यांचं नाव मी घेत नाही, सून घेत नाही; लिहायलाही हात होत नाही. गाव त्यांना आपा म्हणतं.)

काल संध्याकाळी विचारलं. एने लोकर पिंजत होत्या.

"दुखतं का ते?"

"नाही. थंड, चिकट काहीतरी लावतात आणि फिरवतात."

"मग माझ्या हातापेक्षा बरं. माझ्या हाताखाली तर लोक बोंबलतात."

आज बुधवार. बुधवारी आणि शनिवारी त्या रोगी बघतात, अंगणात चौदा-पंधरा माणसं होती. एने उठल्या, काठी घेतली आणि सगळी वरात घेऊन दवाखान्यात आल्या. खोलीचं दार उघडं ठेवायला लावलं, टेबलावर आडव्या झाल्या, पोट उघडं केलं आणि छताकडे बघत ओरडल्या, "बायांनो, मी मेले तर घरी जा. उठले तर मुकाट्याने रांगेत उभ्या राहा."

उठल्या. दिवस मावळेपर्यंत एकतीस पोटं बघून झाली. हाना त्यांचे हात हातात घेऊन काहीतरी बोलत राहिली, आपल्या भाषेत. एनेंना एक अक्षर कळलं नाही, पण मान डोलावत होत्या. मला जरा पोटात दुखलं, पण ते यंत्रात दिसणाऱ्यातलं नव्हतं.

११ मार्च

आज हानाने एनेंचं काम पाहिलं. आमच्याकडे जुना आजार असेल तर नुकत्याच कापलेल्या मेंढराचं फुप्फुस आजाऱ्याच्या अंगावर आपटतात. रोग फुप्फुसात उतरतो. मग ते कुत्र्याला टाकायचं, म्हणजे कुत्रा रोग घेऊन जातो. लहानपणी माझ्याही पाठीवर आपटलंय. कुत्र्याने फुप्फुस मटकावलं तेव्हा हानाचा चेहरा बघण्यासारखा होता. कच्चं फुप्फुस कुत्र्याला देणं म्हणजे किडीला जेवायला बोलावणं.

मी मध्ये दुभाषी.

"कुत्र्याला देऊ नका म्हणते."

"मग रोग जाईल कुठे? त्याला तोंड लागतं," एने म्हणाल्या.

हाना म्हणाली, "खोल खड्डा करू, झाकणाचा. खड्ड्यालाही तोंड असतंच."

एने इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "ही बाई आपल्यातली आहे गं. हिला परत पाठवू नका, इथेच एखादा म्हातारा बघून देऊ."

खड्डा उद्या खणायचा. वीस वर्षं मी एनेंना सांगत होते, कुत्र्याला घालू नका म्हणून. माझं कधी ऐकलं नाही.

१५ मार्च

आज हानाशी तासभर वाद. तिच्या कागदांत लिहिलंय की कोणाच्या पोटात काय सापडलं ते फक्त त्या माणसालाच सांगायचं. मी म्हटलं, आमच्याकडे असं करत नाहीत. वाईट बातमी घरातल्या मोठ्यांना सांगतात. कधी आणि कशी सांगायची ते मोठी माणसं ठरवतात. माझे वडील जठराच्या कॅन्सरने गेले, शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं अल्सर आहे. आम्ही सहाही भावंडं त्यांच्यासमोर हसत होतो.

"आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

काय प्रश्न आहे!

शेवटी ती नमली. गाठ मोठी असेल तर घरच्या मोठ्यांना सांगायचं, ते त्या माणसाला सांगतील. ओश शहरात ऑपरेशनच्या आधी सर्जन पुन्हा विचारेलच. बदल्यात तिने माझ्याकडून सही घेतली: रोग्याच्या घराबाहेर एक शब्द जाणार नाही. आणि बोट ठेवून म्हणाली, "वैद्यांनाही नाही. त्यांना सांगायचं की नाही, तो रोग्याचा हक्क."

"एकाच चुलीवर जेवतो आम्ही."

"म्हणूनच सांगते आहे."

सही केली. तिचं एक पाऊल मागे, आमचं एक पाऊल मागे. मला स्वतःचं कौतुक वाटलं, लपवत नाही. दोन्हीकडची माणसं मला कळतात, असं दुसरं कोण आहे या खोऱ्यात?

२६ मार्च

दोनशे चौदा पोटं झाली, नऊ गाठी. आठ बारीक, गोळ्यांवर भागेल. नववी जिबेकची.

जिबेक, बातमाची सून. तेवीस वर्षांची, हसली की एक दात थोडा पुढे येतो, म्हणून हसताना तोंडावर हात ठेवते. नवरा तिलेक रशियात बांधकामावर, वर्षातून एकदा येतो; यंदा महिन्यापूर्वीच येऊन गेला. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. यंत्रावर आडवी झाली तेव्हा पडद्याकडे बघत मला कुजबुजून म्हणाली, "एजे, मूल बसलं असेल तर इतक्या लवकर दिसतं का हो?" (एजे म्हणजे ताई.)

दिसली ती गाठ. उजव्या बरगडीखाली, अकरा सेंटिमीटर. हानाचा हात थांबला. रशियनमध्ये अगदी सहज आवाजात म्हणाली, "भिंत फार पातळ आहे. हिच्या पोटावर कोणी दाब द्यायचा नाही. पडायचं नाही, जड उचलायचं नाही. आधी गोळ्या, मग ऑपरेशन." जिबेक रशियन शिकलेली नाही. ती पुसून उठली आणि म्हणाली, "काहीच नाही ना?" मी म्हटलं, "जा, सासूला पाठव."

२७ मार्च

बातमा आली नाही, मीच जाऊन तिला सांगितलं. गोठ्यात, याकच्या पाठीवर हात ठेवून ती उभी होती. गावात याक फक्त तिच्याकडे. ऐकून खाली बसली. मग जे बोलली त्यात पहिलं वाक्य जिबेकबद्दल नव्हतं.

"२५ मेला माझ्या मुलीचं लग्न आहे, अनार."

"ऑपरेशन ३ जूनला घेऊ."

"तिला आत्ता सांगितलं तर ती माहेरी फोन करेल. तिची आई येऊन घेऊन जाईल तिला. एकदा पोट फाडलेली पोर परत पाठवतील का ते? आणि माझा तिलेक दुसरीबरोबर राहील असं वाटतं तुला?" मग रडली. "लेकीसारखी आहे गं ती मला. लग्न होऊ दे. मीच सांगते, माझ्या पद्धतीने."

मी बजावलं: पोटाला कोणाचा हात लागता कामा नये. जड बादल्या नाहीत. गोळ्या वेळेवर. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणाली. मी दवाखान्याच्या वहीत लिहिलं, घरच्यांना सांगितले. घरच्यांना सांगितलं की माझं काम संपतं, कागदाप्रमाणे.

३ एप्रिल

रस्त्यावर गुडघाभर चिखल. दिवसभर लसी. घरी आले तर ताटलीत नान आणि वाडगाभर साय, याकच्या दुधाची, दाट, पिवळसर. कोणी दिली विचारलं तर एने म्हणाल्या, "आली." बातमाने पाठवली असणार, मी तोंड बंद ठेवलंय म्हणून. बरं वाटलं. माणसं उपकार विसरत नाहीत.

१० एप्रिल

हाना ओशला गेली, महिन्यातून एकदा येईल. जाताना एनेंसोबत फोटो काढून घेतला. एनेंनी तिला लोकरीचे मोजे दिले, माझ्यासाठी विणत होत्या ते.

आज पुन्हा साय होती. तीन नान संपवले मी.

२२ एप्रिल

जिबेक पंपावर भेटली, हातात दोन बादल्या. मी ओरडले, एक घे म्हणून. तिने बादल्या खाली ठेवल्या आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "एजे, त्या पांढऱ्या गोळ्या... आईंनी सांगितलं, मूल राहण्यासाठी आहेत. गुण येतो ना हो त्यांनी?"

 बातमाने तिच्या पद्धतीने सांगितलेलं दिसतंय. म्हटलं, "नेमाने घे. एकही चुकवू नको."

"तिलेक वीस तारखेला येतोय. लग्नासाठी. दहाच दिवस राहणार." तोंडावर हात ठेवून हसली. "यावेळी तरी."

तिची एक बादली मी घरापर्यंत नेऊन दिली.

१ मे

आज एनेंचं मला हसू आलं आणि रागही. संध्याकाळी कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्या त्या यंत्राला उजव्या बरगडीखालचं दिसतं का गं? म्हणजे हाताला अंड्याएवढं लागतंय, पण हालत नाही, मूठभर मोठंही असेल आतून. असं असलं तर दिसतं?"

"कोणाच्या?"

"कोणाच्या ते विचारू नको."

"मग मलाही विचारू नका. मी सही केलीये."

"नाव सांग म्हणत नाही मी. एवढंच सांग, तशा ठिकाणी हात लावावा की नाही?"

मी म्हटलं, डॉक्टरीणबाई येतील तेव्हा त्यांनाच विचारा. मला कळतं हे कशासाठी चाललंय. यंत्र आल्यापासून बुधवारची गर्दी निम्म्यावर आली आहे. कोणाच्या पोटात काय आहे हे आधी कळलं की माणूस दारात आल्याबरोबर यांना सांगता येईल, तुझं इथे इथे दुखतं. मग गाव म्हणेल, बघा, आपांच्या बोटांना यंत्रापेक्षा जास्त कळतं. या वयातही हाव सुटत नाही.

कणीक तशीच टाकून उठल्या. नान मी भाजले, दोन करपले.

८ मे

हानाचं पत्र आलं. तिच्या देशातल्या मोठ्या सभेत आमच्या गावाबद्दल बोलली, गावची वैदू आणि डॉक्टर एकत्र काम करतात म्हणून पडद्यावर एनेंचा फोटो दाखवला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. माझंही नाव घेतलं. मी पत्र दोनदा वाचून दाखवलं.

एनेंचं लक्ष नव्हतं. म्हणाल्या, "आज एकीला परत पाठवली मी. रडत गेली."

"का पाठवली?"

"हात धजेना." मग थोड्या वेळाने, "हाना कधी येणार?"

"महिनाअखेर."

"लवकर नाही का येणार?"

म्हातारपण. पूर्वी कोणालाही परत पाठवत नव्हत्या. आज साय नव्हती.

१६ मे

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

काल बुधवार. अकरा वाजता शेजारची मुलगी धावत आली, घरी चला, घरी चला. मला वाटलं एनेंना काही झालं. अंगणात एने भिंतीला धरून उभ्या होत्या. आत गादीवर जिबेक. अंगभर गांधी, ओठ सुजलेले, श्वास शिट्टीसारखा. सदरा वर सरकलेला, पोटावर मेंढीच्या चरबीचं तेल चकाकत होतं.

मला सगळं एका क्षणात कळलं: गाठ फुटली होती. बुधवारची साय कोण आणत होतं तेही.

ॲड्रेनालिन दिलं. पाच मिनिटांत डोळे उघडले, मला ओळखलं. "एजे, आईंना सांगू नका मी इथे आले होते." गाडी मिळायला चाळीस मिनिटं गेली. जिल्ह्याचं हॉस्पिटल साठ किलोमीटर, निम्मा रस्ता चिखलात. वाटेत पुन्हा श्वास अडकला, दुसरी, शेवटची ॲम्प्यूल दिली. लाकडी पुलाच्या अलीकडे तिचा हात माझ्या हातातून गळला. ड्रायव्हरला सांगितलं, आता हळू चालव.

१९ मे

दफन झालं. तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून रडगाणं गातात, तसं बातमा गात होती. त्यात ती म्हणाली, ज्या हातांवर विसंबले त्या हातांनी माझा दिवा विझवला. सगळ्या बायकांनी माना वळवून एनेंकडे पाहिलं. एने दाराशी बसल्या होत्या. कोणी त्यांना चहाची वाटी दिली नाही. मीही उठले नाही.

बातमाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिच्या नजरेत मला जे दिसलं ते माझ्या नजरेत तिला दिसलं असणार. दोघींनी खाली बघितलं.

तिलेक उद्या पोचेल.

२२ मे

आज एनेंनी विचारलं. आठ दिवस वाट बघत होत्या, मी आपणहून सांगेन म्हणून.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

त्या चुलीत शेणी सारत राहिल्या. आग चांगली लागलेली असतानाही सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं."

मी म्हटलं, सही केली होती. म्हटलं, तुम्हीही नाव सांगितलं नाहीत. माझा आवाज चढला, कशासाठी चढला कोण जाणे.

"नाही सांगितलं. तिने शपथ घातली होती. मूल व्हावं म्हणून वैदूकडे जाते हे सासूला कळू नये म्हणून." मग हात पुढे करून बघत बसल्या. "गाठीला हात लावला नाही गं मी. बाजूने, खालून, कूस वर उचलत होते, फक्त तेवढं. त्या दिवशी परत पाठवली होती. पण काल येऊन पाया पडली. म्हणे, नवरा पाच दिवसांत येतोय. मी म्हटलं, हलक्या हाताने करू. फार हलका हात ठेवला होता."

काल म्हणाल्या. आठ दिवस होऊन गेलेत.

मी जुनी पानं उलटून १ मेचं पान वाचलं. हाव सुटत नाही, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

४ जून

बातमाच्या मुलीचं लग्न पुढे ढकललं. दवाखान्यात रोजच्यासारखी माणसं येतात. आमच्या अंगणात कोणी येत नाही. एने बुधवारी सकाळी अंगण झाडतात, सतरंजी घालतात, संध्याकाळी उचलतात.

२४ जून

काल जिबेकच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस. आम्हाला बोलावणं होतं. बोलावलं नसतं तर बरं झालं असतं. अर्धं गाव बसलेलं. मटण उतरायच्या आधी तिलेकने विचारलं. धिप्पाड माणूस, चाळीस दिवसांत गाल आत गेलेत. आवाज चढवला नाही.

"ओशच्या डॉक्टरांनी मला सांगितलं की तिच्या पोटात गाठ होती आणि ती मार्चमध्येच सापडली होती. कोणाला माहीत होतं?"

 तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. आईकडे आला तिथे नजर थांबली. बातमा पांढरी पडली आणि बोट माझ्याकडे केलं. "हिला विचार. हिच्याच वहीत लिहिलेलं होतं. दोघी एका चुलीवर जेवतात, आणि सासूला सांगितलं नाही हिने!"

तिलेक माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं. मला वाटतं मी खरं सांगणार होते: हो, माहीत होतं, तुझ्या आईलाही सांगितलं होतं, एनेंना सांगितलं नाही. निदान मला असं वाटतं.

एने काठीवर जोर देऊन उठल्या.

"सांगितलं होतं हिने. मार्चमध्येच. म्हणाली होती, जिबेकच्या पोटाला हात लावू नका. मीच ऐकलं नाही. म्हटलं, साठ वर्षं पोटं बघितली मी, आता यंत्रवाले मला शिकवणार? पोरा, जे विचारायचं ते मला विचार."

कुठेतरी वाटी पडली. तिलेक त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आपा, तुमच्या हातून माझा जन्म झाला," आणि बाहेर निघून गेला.

बातमा माझ्याकडे बघत होती. तिला खोटं कळलं होतं. ती बोलली नाही. मी बोलले नाही.

घरी येताना विचारलं, का म्हणालात तसं?

"गावाला सुई टोचायला कोणीतरी लागेल ना. माझं काय राहिलंय?" पुढे म्हणाल्या, "हळू चाल. चिखल आहे."

२९ जून

हाना आली, मेअखेरीची खेप चुकवून. आधी कबरीवर गेली, मग दवाखान्यात. गावातून तिच्या कानावर आलंच होतं. दार लावून घेतलं.

"अनारकान, मला खरं हवंय. तुम्ही सासूबाईंना सांगितलं होतं का?"

"नाही."

"एक शब्दही?"

"त्यांनी विचारलं तरी नाही."

तिने सुस्कारा सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे तुम्ही नियम मोडला नाही. तुमच्याकडून काही चुकलं नाही." मग तिचे डोळे भरले. म्हणाली, नियम बदलायला हवा. कागद तिच्याकडूनच चुकीचा बनला. पुढच्या गावांत रोग्याला विचारून वैद्यांना सांगण्याची सोय करू. या गावापुरतं मात्र तिच्या वरच्यांनी ठरवलंय: वैदूबरोबरचं काम थांबवायचं. अहवालात कारण लिहावं लागेल. कारण म्हणून एनेंनी चाळिसाव्याला जे सांगितलं तेच लिहिलंय.

"पण ते खोटं आहे."

"मला माहीत आहे आता. पण ते लिहिलं नाही तर मग सगळ्यांना माहीत होतं आणि तुमच्या सासूबाईंनाच नव्हतं, असं लिहावं लागेल. तिलेक तुमच्यावर आणि त्याच्या आईवर खटला भरेल. हे लिहू का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. लसीसाठी तीन बायका पोरं घेऊन थांबल्या होत्या.

म्हटलं, राहू दे.

गावात मी निर्दोष, कारण मी सांगितलं होतं. हानाच्या लेखी मी निर्दोष, कारण मी सांगितलं नव्हतं. एनेंची बाजू कुठेच लिहिलेली नाही, या वहीशिवाय, आणि ही वही मी कोणाला दाखवणार नाही. हे मला आत्ताच माहीत आहे, आणि म्हणून स्वतःची किळस येते.

३ जुलै

बुधवार. दवाखाना दुपारी बंद केला आणि लवकर घरी आले. अंगणात सतरंजी घातलेली. एने एकट्या बसल्या होत्या, हात धुतलेले, बाह्या दुमडलेल्या, तेलाची वाटी शेजारी, वरून माश्या बसू नयेत म्हणून फडकं झाकलेलं.

कालपासून माझ्या पोटात खरंच कळ येते आहे. चपला काढल्या आणि सतरंजीवर आडवी झाले. लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली, एकदाही त्यांच्या हाताखाली गेले नव्हते. मी शिकलेली ना.

"एने, माझं पोट बघा."

त्यांनी फडकं काढलं. बोटं तेलात बुडवली. हात माझ्या पोटावर आणला, वीतभर अंतरावर, आणि तिथेच थांबला. किती वेळ थांबला. तेलाचा एक थेंब माझ्या अंगावर पडला. मग त्यांनी बोटं फडक्याला पुसली आणि बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या.

"आधी यंत्रावर दाखवून घे," म्हणाल्या.

त्यांनी लोकांना एवढं एक वाक्य म्हणावं म्हणून मी वीस वर्षं डोकं फोडत होते. मी सदरा खाली केला, उठले आणि सतरंजीची घडी घालायला लागले.